दादाच्या फुफ्फुसाचा निकाल

दादा, तुझ्या फुफ्फुसाचा निकाल आलेला नाही. येणारही नाही. हे मी तुला नागपूरच्या दवाखान्यात सांगितलं, परतीच्या गाडीत सांगितलं, त्यानंतर प्रत्येक भेटीत सांगितलं. तू दर वेळी "हो ना बे, समजलं" म्हणालास आणि पुढच्या माणसाला खुशाल सांगितलंस की माझा निकाल यायचा आहे. आता तू गेलास तरी लोक मलाच विचारतात. तेरवीच्या दिवशी मोझरीचे ते तुझे नेहमीचे रोडग्यांचे ऑर्डरवाले हात जोडून पुढे आले. मला वाटलं, सांत्वन करायला आलेत. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, दादाचा तो नागपूरचा निकाल आला का हो?"

तेरवीला भाषणं झाली. आपल्याकडे होतातच. एकाने सांगितलं की दादांनी आयुष्यात कुणाचा शब्द मोडला नाही. मी खाली सतरंजीवर बसून ऐकत होतो. तू मोडलेले माझेच शब्द मोजायला बसलो असतो तर मंडपवाला सामान न्यायला आला असता. दुसऱ्याने सांगितलं की दादांनी स्वतःच्या प्रकृतीपेक्षा लोकांच्या जेवणाला जपलं. मला मात्र वाटलं की ही तारीफ नाही, तक्रार आहे, आणि ती नेमकी माझीच आहे. मग माइक माझ्याकडे आला. मी उभा राहिलो, सगळ्यांनी जेवून जावं असं म्हणालो आणि बसलो. वहिनीला ते आवडलं नसावं. पण जे मला बोलायचं होतं ते मंडपात बोलण्यासारखं नव्हतं. ते तुझ्याशीच बोलायचं होतं, आणि तू ऐन वादात उठून गेलास.

तुझ्यामाझ्यात भांडणाचा विषय एकच. तुझं म्हणणं, आपल्या खानदानाची फुफ्फुसंच कच्ची आहेत. बाबा दम लागून गेले, आत्या दम लागून गेली, आता तुलाही दम लागतो. रक्तातच आहे, धुराचा काय दोष? माझं म्हणणं, धूर. बाबा रोडगे भाजायचे, आत्या त्यांच्यासोबत बसायची, त्यांच्यानंतर ते काम तू घेतलंस. शेतात गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा, जाळ बसून इंगळ झाले की त्यात कणकेचे गोळे पुरायचे, राखेतून उलटायचे, काढायचे, फडक्याने पुसायचे. पन्नास माणसांची ऑर्डर असली काय आणि पाचशेची असली काय, त्या धुरात उभं राहायला तू दुसऱ्या कुणाला देत नव्हतास. "आच समजाव लागते," म्हणायचास. बिडीला कधी हात लावला नाहीस याचा तुला केवढा अभिमान. अरे, पण शेणाचा धूर काय औषधी असतो?

वाद कधी संपला नाही याचं कारण असं की आपण दोघंही एकमेकांनाच पुरावा म्हणून उभं करत होतो. तू म्हणायचास, "तू बी त्याच घरात जन्मला, त्याच धुरात खेळला. तुले काहून नाई झालं? म्हणजे धूर नाई, नशिबातलं रक्त." मी म्हणायचो, आपण एकाच मायबापाचे. रक्त सारखं. मी शिकायला अकोल्याला गेलो, धुरातून सुटलो, म्हणून वाचलो. तू राहिलास, म्हणून अडकलास. दोघांकडे पुरावा एकच आणि निकाल उलटे.

मी वीज बिलाच्या ऑफिसात जन्म काढला. रोज माणसं शेजाऱ्याचं बिल घेऊन येतात. त्याच्याकडे तितकेच पंखे, तितकाच कूलर, मग माझं बिल जास्त कसं? मी त्यांना सांगतो, बाबा रे, दोन बिलांवरून काही ठरत नाही. तुझा कूलर किती जुना, वायरिंग कसं, घरी पाहुणे किती, सगळं पाहावं लागतं. हे मी दिवसभर लोकांना समजावतो, आणि तुझ्यापाशी आलो की मीही दोनच माणसांवरून सिद्धांत मांडायचो. ते मला कळत होतं. पण तुझ्यापुढे हरायचं नव्हतं.

आणि खरी अडचण वेगळीच होती. आपल्या घरात रक्तही वारशाने येतं आणि धूरही वारशानेच येतो. ज्याला आपलं रक्त, तो आपल्याच जगऱ्यापाशी वाढला. दोन्ही एकाच हाताने वाढलेलं. वेगळं काढायचं कसं?

मग तुझ्या फुफ्फुसात गाठ निघाली. नागपूरला नेलं. उजव्या फुफ्फुसाचा एक तुकडा काढायचं ठरलं, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात कागद. संशोधन करते म्हणाली. गाठीसोबत आजूबाजूचं थोडं चांगलं फुफ्फुसही निघतंच. तपासणीला लागेल तेवढं दवाखाना ठेवतो, उरलेला कणभर तुकडा आम्हाला द्याल का? तू उशीला टेकून बसलास आणि म्हणालास, "बेटा, आधी समजावून सांग. मंग नेजो."

तिने सांगितलं ते मी नीट ऐकलं, कारण तू अर्धवट ऐकणार हे मला ठाऊक होतं. शरीरातल्या बहुतेक पेशींत एकच पोथी असते, ती म्हणाली. डोळ्यात तीच, यकृतात तीच, फुफ्फुसात तीच. पण प्रत्येक ठिकाणी वेगवेगळी पानं वाचली जातात, कुठलं पान कमी, कुठलं जास्त. मायबापांकडून येताना त्या पोथीत अक्षरांचे बारीक फरक येतात. पुष्कळ फरक असे की त्यांनी मजकूर बदलत नाही, पण ते पान किती वाचलं जाणार हे बदलतं. आणि तो फरक काही वेळा फुफ्फुसातच दिसतो, रक्त तपासलं तर पत्ताच लागत नाही. म्हणून आम्हाला फुफ्फुसाचाच तुकडा हवा असतो.

मला पोथी समजली. तू कपाळाला आठ्या घालून विचार केलास आणि म्हणालास, "म्हणजे रेसिपी सगळ्याईच्या घरी तेच. पण कोणाच्या घरी पन्नास रोडग्याची ऑर्डर, कोणाच्या घरी पाचशेची."

त्या मुलीचा चेहरा उजळला. काका, याहून चांगलं मला सांगता आलं नसतं, म्हणाली. आता कुणी विचारलं तर असंच सांगेन.

मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण तू तिथे थांबला नाहीस. "आता ऑर्डर देते कोण, ते सांग," म्हणालास.

तिने सांगितलं. काही ऑर्डर वडिलांच्या बाजूची, काही आईच्या बाजूची. काही वयाची. आणि काही धुराची, धुळीची. धूर आत गेला की फुफ्फुस घाबरून वेगळ्याच पानांची ऑर्डर देतं. कधी कधी तर दोन्ही एकमेकांत गुंततात, एखाद्या घराण्याच्या अक्षरांवर धुराचा परिणाम जास्त होतो. म्हणून तर शेकडो माणसांचे तुकडे एकत्र ठेवून तपासावं लागतं. एकट्या माणसाच्या तुकड्यातून त्या माणसाबद्दल काहीच सांगता येत नाही.

तू माझ्याकडे पाहिलंस आणि विजयी चेहऱ्याने म्हणालास, "ऐकलं ना? बापाची ऑर्डर."

धुराचं वाक्य कुठे गेलं? ती मुलगी एका दमात चार गोष्टी बोलली आणि तुझ्या कानात पहिली तेवढी शिरली. बाकीच्या तीन दवाखान्याच्या पलंगाखाली पडल्या. कागदावर सरळ लिहिलं होतं की या तपासणीचा वैयक्तिक निकाल रुग्णाला कळवला जाणार नाही. मी तुला ती ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. तू म्हणालास, "लिहाव लागते तसं. पोरगी चांगली आहे, सांगन." आणि सही केलीस. वर तिला म्हणालास, "माह्या तुकड्यातून धूर वेगळा काढून मोज बरं. माह्या भावाले दाखवाचं आहे."

ती हसली. तुला वाटलं, हो म्हणाली.

गाठ साधी निघाली. कॅन्सर नाही म्हटल्यावर तू पेढे वाटलेस. पण बाकीच्या फुफ्फुसाबद्दल डॉक्टरांनी जे सांगितलं, ते पेढ्यांच्या गडबडीत तू ऐकलंच नाहीस. फुफ्फुसाच्या आतल्या बारीक भिंती झिजल्या होत्या, जागोजागी पोकळ्या झाल्या होत्या. दम लागला की तोंडाने ओढायचा पंप दिला, आणि धुरापासून लांब राहायला सांगितलं. तू काय केलंस? जगऱ्यापाशी जायच्या आधी दोन झटके पंप मारायला लागलास. हेल्मेट घालून भिंतीवर गाडी घालायची त्यातला प्रकार. मी विचारलं, हे काय? तर म्हणे, "पंप मारला की धूर लागत नाई." वरून हाताखालच्या पोरांनाही सांगायचास की दम लागला तर जरा पंप मारून घ्या. तुझा पंप, दादा. एक पंप अख्ख्या ऑर्डरवर फिरायचा.

आणि बंद कधी करणार, विचारलं की एकच उत्तर. "निकाल येऊ दे, मंग पाहू."

तुला मी कितीदा सांगितलं की समजा निकाल आलाच, आणि समजा त्यात तुझंच खरं निघालं. आपलं रक्तच कच्चं. मग तर धुरापासून दुसऱ्यांच्या दुप्पट लांब राहायला हवं ना? ज्याची भिंत मातीची, त्याने पाणी जास्त जपून वापरायचं असतं. तू जिंकलास तरी माझंच ऐकावं लागणार होतं. यावर तू म्हणायचास, "मंग माह्या जिंकण्यात मजा काय राह्यली?" आणि हसायचास, हसता हसता खोकायचास, आणि तो खोकला लांबला की माझा राग अर्धवट राहायचा. भांडण पूर्ण करू द्यायचं नाही ही तुझी जुनी सवय.

ती लाल खुर्ची आठवते? आठवत असणारच, कारण तू कधी तिच्यावर बसला नाहीस. सुट्टीच्या दिवशी ऑर्डर असली की मी अकोल्याहून यायचो. आल्या आल्या आधी वारा कुठून येतो ते पाहायचो आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, धूर पोचणार नाही अशा जागी, खुर्ची मांडायचो. दादा, इथे बस, इथून सांग काय करायचं ते, पोरं करतील. तू "आलोच" म्हणायचास आणि येऊन खुर्चीवर दुपट्टा टाकून जायचास. बहिरमच्या जत्रेत दिवसभर तो दुपट्टा आरामात बसलेला असायचा आणि तू धुरात. तुझ्या दुपट्ट्याची फुफ्फुसं शेवटपर्यंत उत्तम असणार.

आता अश्विनीचं सांगतो. रागाचं खरं कारण तेच आहे.

तेरवी झाली, माणसं गेली. तुझी लेक अंगणात भांडी मोजून लावत होती. मी तिला म्हणालो की बाई, आता हे बंद कर. तुला पदवी आहे, फोनवर ऑर्डर तूच घेतेस, हिशोब तूच पाहतेस, हवं तर माणसं लावून कर, पण जगऱ्यापाशी उभी राहू नको. आणि एकदा अकोल्याला येऊन नळीत फुंकून श्वासाची तपासणी करून घे. तिने भांडं खाली ठेवलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "काका, बाबांचा निकाल येऊ द्या. मंग पाहू."

दादा, त्या क्षणी तू समोर असतास तर तेरवी आहे हे मी विसरलो असतो.

तू तिला जमीन ठेवली, भांडी ठेवली, ओळखी ठेवल्या, इथवर ठीक. हे वाक्यही ठेवून गेलास? मी तिला सगळं पुन्हा सांगितलं, कागदावरच्या ओळीसकट. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, बाबा म्हणायचे काका फक्त दुसऱ्याईले सांगते, स्वतः कधी तपासत नाई. तुम्हीही फुंका, तरच मी फुंकते.

माझं तर काही दुखत नव्हतं. जिना चढताना थोडा दम लागतो, पण पंचावन्नाव्या वर्षी तो कुणाला लागत नाही? तरी हो म्हणालो. माझा आकडा चांगला येईल, तिचा जरा कमी येईल, आणि तिथेच तुझा वाद कायमचा मिटेल असं मी मनात मांडून ठेवलं होतं. लपवत नाही. मला जिंकायचं होतं, आणि तिला वाचवायचं होतं, आणि त्या दिवशी दोन्ही एकाच नळीत फुंकून होणार होतं.

अकोल्यातल्या छातीच्या डॉक्टर बाई भल्या आहेत. आधी अश्विनीने फुंकलं. असं फुंकलं की बाई म्हणाल्या, बस बस, मशीन माझं आहे. तिचा आकडा उत्तम. तिच्या वयाच्या, तिच्या उंचीच्या मुलीचा असायला हवा त्याच्याही थोडा वर.

मग मी फुंकलं. बाई म्हणाल्या, काका, पुन्हा एकदा, जोर लावून. पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदा फुंकलं. मग त्यांनी पंप दिला, बाहेर बसवलं, आणि परत बोलावून परत फुंकायला लावलं. आकडा हलला नाही. असायला हवा त्याच्या पाऊण हिश्शाहूनही खाली.

बिडी-सिगारेट? नाही. कारखान्यात काम? नाही, बिलाच्या टेबलावर. घरी चूल? लग्न झाल्यापासून गॅस. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना मी तुझी सगळी गोष्ट सांगितली, बाबांची, आत्याची. मग विचारलं की हे रक्तातलं आहे की धुराचं? त्या म्हणाल्या, मला सांगता येणार नाही. रक्तातलं असू शकतं. पण फुफ्फुस विशीपर्यंत वाढत असतं, लहानपणी खाल्लेला धूर त्याची वाढ खुंटवू शकतो, तेही असू शकतं. दोन्ही मिळूनही असेल. औषध घ्या, महिन्याने परत या, तेव्हा पुन्हा मोजू. अश्विनीला त्यांनी बजावलं की आजचा आकडा चांगला आहे म्हणजे उद्याचा चांगला राहील असं नाही.

बाहेर आल्यावर मी स्टँडवर चहा घेतला. माझ्या हातात काही उरलं नव्हतं. जी धुरात उभी राहते तिचं फुफ्फुस ठणठणीत. जो चाळीस वर्षं धुरापासून लांब राहिला त्याचं अधू. तुझा मुद्दा मी स्वतःच्या छातीत घेऊन फिरत होतो आणि अकोल्याहून अमरावतीपर्यंत येऊन तुझ्याशी भांडत होतो. मी अश्विनीला जसं होतं तसं सांगितलं. बाई, आजच्या आकड्यांवरून तुझ्या बाबांची बाजू वरचढ दिसते. तीन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, पण जे दिसलं ते मी उलटं सांगणार नाही.

तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. चहाचा कप तसाच ठेवून म्हणाली, "बाबाईले माहीत होतं, काका."

काय माहीत होतं?

"तुमाले लहानपणी धूर सोसत नव्हता. जगऱ्यापाशी आले की तुमी निळे-काळे पडत होते म्हणे. बाबा तुमाले पोत्यावर बसवत, वाऱ्याच्या वरच्या अंगाले. मंग आजोबा गेले, तवा बाबाच म्हणाले का याले अकोल्याले टाकून देऊ, इथं राह्यला तं हा मरन."

मला आठवतं ते वेगळंच. मला आठवतं की माझं गणित चांगलं होतं म्हणून मला वसतिगृहात घातलं. तूच सांगितलं होतंस तसं. सगळ्या गावाला सांगितलं होतंस. सुध्याचं डोकं हिशोबाचं आहे, इथे गोवऱ्या मोजत बसून काय करणार. त्या एका वाक्यावर मी आयुष्य उभं केलं, दादा. पोतं मला पुसटसं आठवतं. त्याचा खरखरीतपणा आठवतो. पण ते वाऱ्याच्या कुठल्या अंगाला होतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

म्हणजे तू 'खानदानाची फुफ्फुसं कच्ची' म्हणायचास ते बाबांवरून नाही, आत्यावरूनही नाही. ते माझ्यावरून म्हणायचास. इतकी वर्षं आपण तावातावाने भांडलो, आणि तुझ्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा तू दाबून ठेवलास. का? मला कमीपणा वाटेल म्हणून? की एकदा सांगितलं की मी जन्मभर छातीवर हात ठेवून बसेन म्हणून? एकदा तरी म्हणायचं होतंस. नागपूरहून येताना गाडीत आपण दोघंच मागे बसलो होतो. मोझरीपर्यंत मी तुझ्या डोक्यावर बसलो होतो, धूर, धूर, धूर. तू खिडकीबाहेर पाहत होतास. तेव्हा तुझ्या ओठांवर असेल का रे हे? मला वाटलं, कंटाळलास.

आणि मला राग येतो तो याचाच. मला धूर सोसत नाही हे तुला कळलं. मला तू बाजूला नेऊन बसवलंस. मग स्वतःला कोण बसवणार होतं? जे लहान भावाच्या बाबतीत एका नजरेत समजलं ते स्वतःच्या बाबतीत नागपूरच्या प्रयोगशाळेने लिहून द्यायला हवं होतं?

उपकार मानायला बसलो होतो, आणि परत भांडायलाच लागलो. असो.

गेल्या रविवारी तुझ्यानंतरची पहिली ऑर्डर झाली. नांदगाव खंडेश्वरच्या पुढे एका शेतात, कुणाच्या तरी नवसाची. वहिनी भाजीसाठी वांगी चिरायला बसली होती. मी सकाळीच पोचलो, मनात धास्ती घेऊन. चांगला आकडा हातात असलेल्या पोरीला आता कोण अडवणार? जाऊन पाहतो तर जगऱ्याभोवती तीन बाजूंनी पत्रे उभे केलेले, वरून पत्र्याचीच झाकणी, आणि तिच्यातून माणसाहून उंच नळकांडं निघालेलं. धूर वर जाऊन बाभळीच्या शेंड्याला लागत होता. अश्विनी तोंडाला फडकं बांधून लांब दांड्याच्या सांडशीने रोडगे उलटत होती आणि उलटून झाले की लगेच मागे सरकत होती. यजमानाकडचे म्हातारे कुरकुरत होते की अशाने चव येत नाही, दादांच्या हातची बातच और. तिने त्यांना एक रोडगा फोडून, तूप घालून हातात दिला. तो संपवून त्यांनी दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

मी विचारलं, हे कधी करून घेतलंस? तुझा निकाल तर चांगला आला होता.

"चांगला आला म्हणून तं जपून राहिली," ती म्हणाली. "खराब आला असता तं जपाले काय उरलं असतं?"

हे वाक्य तुझ्या डोक्यात एकदाही का आलं नाही? तुझीच लेक आहे. ही ऑर्डर कुठल्या बाजूने आली, मला कळत नाही. वहिनीच्या बाजूची असणार.

पंगत बसायची वेळ झाली, माणसं कमी पडत होती. मी बाह्या सरसावल्या, सांडशी उचलली आणि राखेत वाकलो. मागून आवाज आला.

"काका, तिकडं बसा. वाऱ्याच्या वरच्या अंगाले."

बाभळीच्या पलीकडे तिने लाल खुर्ची मांडून ठेवली होती. मी म्हणालो की अगं, दोन मिनिटांचं काम आहे. ती म्हणाली की बसा. मी न वळता म्हणालो, "महिन्याने दुसरी तपासणी आहे ना? तिचा निकाल येऊ दे, मंग पाहू."

बोललो आणि माझ्याच कानावर पडलं. भाजी ढवळणारी वहिनी थांबली. पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडते आहे. ती हसत होती. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसताच तिला रडू आलं, मग अश्विनीला आलं, आणि यजमानांची माणसं बावरून आमच्याकडे पाहत राहिली.

मी सांडशी खाली ठेवली आणि जाऊन बसलो.

बसलो, दादा. खुर्ची चांगली आहे. सावली पडते. तिथून सगळा जगरा दिसतो, कोण काय करतंय ते कळतं, कुणाचा रोडगा करपतोय ते बसल्या जागेवरून ओरडून सांगता येतं. तुला एकदा येऊन बसायला काय झालं होतं?